एडीएचडी असलेल्या बालकांतील अध्ययन अक्षमता : ओळख व निदान (कोल्हापूर परिसर)

अवधान-अभाव व अतिचंचलता विकार (एडीएचडी) असलेल्या बालकाला वाचन, लेखन किंवा गणित यांची विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे काय, हे ठरविण्याची प्रक्रिया. दोन्ही अवस्था चेताविकासात्मक (मेंदूच्या वाढीशी निगडित) विकारांत मोडतात. त्या एकत्र आढळण्याचे प्रमाण व्याख्येनुसार बदलते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ते सरासरी सुमारे ४५ टक्के भरले. लेखन-अक्षमताही गणल्याने हा आकडा आधीच्या आढाव्यांपेक्षा मोठा आहे.

एडीएचडीचे पहिले वर्णन कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. जर्मन वैद्य मेल्खिओर आदाम वाइकार्ड यांचा ग्रंथ बहुधा १७७५ चा (काहींच्या मते १७७० च्या सुमाराचा), तर स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांचा १७९८ चा. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांची लंडनमधील १९०२ ची व्याख्याने अधिक उद्धृत होतात. तथापि त्यांनी वर्णिलेली मुले ‘नैतिक नियंत्रणा’च्या दोषाची असून त्यांतील कित्येक आजच्या निकषांत बसणार नाहीत. क्राइटन यांचे अवधानाच्या अस्थिरतेचे विवेचन आजच्या संकल्पनेच्या अधिक जवळचे दिसते. वाचन-अक्षमतेचा इतिहास निराळा आहे. नेत्रवैद्य रुडोल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये ‘डिस्लेक्सिया’ ही संज्ञा प्रौढ रुग्णांसंबंधी वापरली आणि इंग्रज वैद्य प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये एका १४ वर्षांच्या मुलातील ‘जन्मजात शब्दांधता’ नोंदविली. विसाव्या शतकाच्या मध्यास ‘मेंदूची अल्पतम दुष्क्रिया’ या एका नावाखाली दोन्ही गट कोंबले गेले. १९८० च्या मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात ते पुन्हा वेगळे झाले.

सहअस्तित्वाच्या कारणांबद्दलही दोन मते आहेत. वाचन जमत नाही म्हणून मूल वर्गात चुळबुळ करू लागते, म्हणजे एडीएचडीची लक्षणे काही मुलांत निव्वळ आभासी असतात, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस पेनिंग्टन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सुचविले. २००६ मध्ये पेनिंग्टन यांनीच बहुदोष प्रतिमान मांडले : दोन्ही विकारांना अनेक कमतरता कारणीभूत असून त्यांतील काही (उदा., माहितीप्रक्रियेचा मंद वेग) सामाईक असतात. जुळ्यांवरील अभ्यासांतही सामाईक आनुवंशिक घटक दिसतात. या पुराव्यामुळे दुसरे मत ग्राह्य वाटते. वाचनदोषाचा संबंध अतिचंचलतेपेक्षा अवधान-अभावाशी अधिक घट्ट आढळला आहे. म्हणून मागच्या बाकावर शांत बसून राहणारे मूल, विशेषतः मुलगी, नजरेतून सुटते.

मराठीत चुकांचे स्वरूप पाहावे लागते. केवळ अवधान कमी असलेले मूल पहिल्या ओळीतला शब्द बरोबर वाचते आणि तोच शब्द चौथ्या ओळीत चुकते; वेलांटी, अनुस्वार गाळते, पण ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचायला लावल्यास स्वतःच दुरुस्त करते. वाचन-अक्षमतेत चूक टिकून राहते : ‘कर्म’ व ‘क्रम’ यांतील फरक पुनःपुन्हा निसटतो, जोडाक्षरापाशी गती थांबते, मात्र तोच धडा वाचून दाखविल्यास आशय नीट कळतो. गणितात हातचा विसरणे किंवा वजाबाकीच्या जागी बेरीज करणे हा बहुधा अवधानाचा दोष. लहान-मोठ्या संख्यांचा अंदाजच नसणे ही वेगळी बाब. ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिणे मात्र सुरुवातीच्या इयत्तांत सर्रास आढळते, कारण मराठीत एकक आधी उच्चारला जातो. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरील औषधाने निष्काळजी चुका घटतात. शब्द फोडून वाचण्याचे कौशल्य केवळ औषधाने फारसे सुधारत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात आणखी काही गोष्टी वगळाव्या लागतात. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणे हा बोलीचा परिणाम असू शकतो. गडहिंग्लज, शिरोळ या सीमाभागात काही घरांत कन्नड बोलली जाते. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत हिंदी, कन्नड व तेलुगूही. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा हंगामभर तुटते. शिकण्याची संधीच न मिळाल्याने आलेले मागासलेपण अक्षमता ठरत नाही. दृष्टी व श्रवण यांची तपासणी अर्थातच आधी.

एडीएचडीचे अमेरिकन वर्गीकरणातील निकष (२०१३) लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत असे सांगतात. शिक्षक व पालक दोघांकडूनही माहिती घेतात ती याचसाठी. ‘घरी मोबाइलवर तासभर बसतो की’ हा पालकांचा आक्षेप निदान रद्द करीत नाही. वाचनचाचण्यांपैकी मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे, पण ती प्राथमिक इयत्तांपुरती. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमालाही वापरात आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेतील चाळणी तिसरी इयत्ता किंवा आठ वर्षे, यांपैकी आधी येईल तेव्हा अपेक्षित होती; या सूचना २०२४ मध्ये सुधारण्यात आल्या. पुढे कोल्हापूर विभागीय मंडळाच्या (कोल्हापूर, सांगली, सातारा) दहावी-बारावीच्या परीक्षांत वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मागताना अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. एडीएचडीच्या औषधांची चिठ्ठी त्याची जागा घेत नाही.