गणपतीच्या मधोमध काळी फट

मार्च महिन्यात देवगडच्या दादाचा, म्हणजे माझ्या आतेभावाचा फोन आला की समजायचं, काहीतरी छापायचं अडलंय. आंब्याच्या पेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका, शिमग्याची पत्रकं असं सगळं त्याच्या डीटीपीच्या दुकानात याच दिवसांत एकावर एक येऊन पडतं. या वेळची तक्रार मात्र नवी होती.

"बाबू, गणपती मधीच फुटता," दादा म्हणाला. "अर्धो हय, अर्धो थय."

जाऊन पाहिलं तर खरंच. टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी, आणि पत्रिकेवरचा गणपती बरोबर दोघांच्या सांध्यावर. सोंड एका मॉनिटरवर, मोदक दुसऱ्यावर आणि मधे दोन बोटं रुंदीची काळी प्लास्टिकची फट.

मामला असा होता. मागच्या पावसाळ्यात जुना संगणक गेला, नवा आला. पण दादाचं वीस वर्षांचं काम पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये, ज्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ सालची. फाँटही युनिकोडच्या, म्हणजे दरेक अक्षराला एकच ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. त्यांत 'क'च्या जागी संगणकाच्या लेखी कुठलं तरी इंग्रजी अक्षर असतं आणि फाँट बदलला की 'श्री गणेशाय नमः'चं कडबोळं होतं. म्हणून नव्या संगणकाच्या पोटात जुना विंडोज सेव्हन बसवून दिला होता, व्हर्च्युअल मशीन करून. त्याला इंटरनेट तेवढं दिलं नव्हतं. २०२० च्या जानेवारीत ज्याची देखभाल थांबली, त्याला गावभर हिंडायला सोडू नये.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने रचलेला आख्खा संगणक. बाहेरच्या खऱ्या यंत्रणेला होस्ट म्हणतात, आतल्या यंत्रणेला गेस्ट. यजमान आणि पाहुणा. पण हा पाहुणा माजघरात कोंडलेला आहे आणि बाहेरचं जग त्याला यजमान सांगेल तेवढंच. त्याला वाटतं आपल्याकडे हार्डडिस्क आहे. ती यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते. त्याला वाटतं आपल्याकडे डिस्प्ले कार्ड आहे. तेही सॉफ्टवेअरचं सोंग. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात सीपी-४० ही यंत्रणा १९६७ साली चालू होती आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात जाहीर झाली. तेव्हा बरेच लोक टाइपरायटरसारख्या टर्मिनलवर बसून काम करत, कागदावर उत्तर उमटायचं. पडदा किती रुंद, हा प्रश्नच नव्हता. घरगुती संगणकावर ही सोय १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आणली आणि तोवर विंडोज ९८ ला नऊपर्यंत मॉनिटर चालवता येऊ लागले होते.

आता दादाने काय केलं होतं? पाहुण्याची विंडो एका कोपऱ्याला धरून दुसऱ्या मॉनिटरपर्यंत ताणली होती. रबरासारखी. त्याचं चुकलं काहीच नाही, कुणीही हेच करील. पण पाहुण्याला आतून काय दिसलं, ते पाहायला हवं.

संगणकाला मॉनिटर म्हणजे काच नव्हे. त्याच्या लेखी मॉनिटर म्हणजे आधी एक ओळखपत्र. खऱ्या मॉनिटरच्या आत एक चिमुकली चिप असते आणि तिच्यात १२८ बाइटची माहिती: कोणी बनवला, किती रुंद, किती उंच, सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो. हिला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संघटनेने १९९४ मध्ये ती ठरवून दिली. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की सगळ्या १२८ बाइटांची बेरीज २५६ ने नि:शेष भागली जावी. नाही भागली, तर माहिती वाटेत बिघडली असं समजायचं.

आपल्याकडे ती वाटेत बिघडते, आणि त्याचं कारण समुद्र. दादाचा एक मॉनिटर जुन्या व्हीजीए केबलचा आहे. तिच्या पंधरा पिनांपैकी बारावी आणि पंधरावी पिन फक्त हे ओळखपत्र वाचायला असतात, चित्राशी त्यांचा संबंध नाही. खाऱ्या हवेने स्वस्तातल्या पिनांवर पितळी भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक चढतो. लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या पिना धड आणि नेमकी बारावी कळकलेली असली की गंमत होते. चित्र छान दिसतं, पण संगणकाला समोर कोण आहे हे कळत नाही, आणि तो सावधपणे १०२४ बाय ७६८ सारखं जुनं, छोटं माप धरून बसतो. लोक मॉनिटर बदलतात. स्पिरिटचा बोळा पुरतो.

पाहुण्याच्या खोट्या मॉनिटरला गंज चढत नाही. त्याला ओळखपत्र देणारा यजमानच. विंडो ताणली की पाहुण्यात बसवलेलं एक मदतनीस सॉफ्टवेअर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये त्याला गेस्ट ॲडिशन्स म्हणतात, व्हीएमवेअरमध्ये टूल्स) त्याच्या कानात सांगतं: तुझा मॉनिटर बदलला, आता तो ३८४० रुंद आणि १०८० उंच आहे. असा लांबुडका मॉनिटर बाजारात खरोखर मिळतोही, त्यामुळे पाहुण्याला शंका यायचं कारण नाही. तो पान मधोमध मांडतो. छपाईची चौकट मधोमध उघडतो. आणि ते मधोमध म्हणजे नेमकी आपली काळी फट, जी त्याला कुणी कधी सांगितलेलीच नाही.

याच्या उलट, पाहुण्याला सांगायचं की तुझ्याकडे दोन मॉनिटर आहेत, प्रत्येकी १९२० बाय १०८०. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की हिशेबाने दोन्हीत तसूभर फरक नाही. पडद्यावरच्या एका ठिपक्याला चार बाइट लागतात, म्हणजे १९२० गुणिले १०८० गुणिले ४: एका पडद्याला ८२,९४,४०० बाइट आणि दोघांना १,६५,८८,८००. सलग लांब पडदा घेतला तरी आकडा हाच. ठिपके तेवढेच, मेमरी तेवढीच. फरक एवढाच की पाहुण्याला शिवण कुठे आहे ते ठाऊक आहे की नाही. ठाऊक असलं की तो कुठलीही चौकट शिवणीवर मांडत नाही, विंडो मोठी केली तर एकाच पडद्यापुरती मोठी करतो.

हा आकडा सेटिंग करतानाही उपयोगी पडतो. व्हर्च्युअल डिस्प्ले कार्डाला १६ एमबी मेमरी दिली असेल तर ते १,६७,७७,२१६ बाइट. दोन पडदे जेमतेम मावतात आणि पावणेदोन लाखांच्या वर थोडे बाइट उरतात. तिसऱ्याचं नाव काढू नका. सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने यजमानाकडे पाठवायचे तर सेकंदाला जवळजवळ १०० कोटी बाइट होतील. म्हणून पडद्याचा जेवढा चौकोन बदलला तेवढाच उचलून न्यायची युक्ती वापरतात. दादा टाइप करतो तेव्हा खरं तर एकेका अक्षराएवढा तुकडा इकडून तिकडे जात असतो.

करायचं कसं? व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं म्हणून त्याचं सांगतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटर काउंट असतो, तो दोन करायचा. पण त्याआधी पाहुणा पूर्ण बंद हवा. झोपवून ठेवलेला, म्हणजे सेव्ह केलेला चालत नाही, कारण कार्ड उपसून दुसरं बसवण्यासारखं हे काम आहे. व्हिडिओ मेमरी वाढवायची. मग चालू केल्यावर व्ह्यू मेन्यूतून दुसरा पडदा जागा करायचा. त्याची वेगळी विंडो येते. शेवटी उजवा कंट्रोल आणि एफ. दोन्ही विंडो आपापला मॉनिटर भरून टाकतात आणि यजमान दिसेनासाच होतो.

आपल्या जागी बसून दूरच्या संगणकावर काम करणाऱ्यांनाही हाच फरक भेटतो. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये आधी स्पॅन नावाची सोय होती. तिच्यात दोन्ही मॉनिटर एकाच उंचीचे, एका रांगेत आणि एकूण माप ४०९६ बाय २०४८ च्या आत लागे, आणि पलीकडच्या संगणकाला तो एकच लांब पडदा वाटे. म्हणजे दादासारखंच. विंडोज सेव्हनबरोबर मल्टिमॉन आलं तेव्हा पलीकडच्याला खरे वेगळे मॉनिटर कळू लागले.

मदतनीस सॉफ्टवेअर नसेल तर अनेक जण तिसरा मार्ग धरतात: चित्रच ओढूनताणून मोठं करायचं, ज्याला स्केल्ड मोड म्हणतात. मराठीत काम करणाऱ्याने यापासून लांब राहावं. १३६६ रुंदीचं चित्र १९२० वर ताणलं तर एका ठिपक्याचे सुमारे १.४ ठिपके होतात. ०.४ ठिपका अस्तित्वात नसतो. मग बारीक शिरोरेघ कुठे एक ठिपका जाड, कुठे दोन, नाहीतर सगळीच करडी आणि पुसट. इंग्रजीत हे खपून जातं, पण आपल्याकडे शब्दाच्या डोक्यावरून आडवी रेघ जाते आणि तीच लटपटते. अनुस्वार आहे की धूळ, हे ठरवता येत नाही. प्रूफ वाचणाऱ्याने काय करावं?

माउसची एक खोच सांगायची राहिली. दोन पडदे झाले की विंडोज मुख्य पडद्याचा डावा-वरचा कोपरा शून्य धरतं. दादाच्या उजव्या हाताला झेरॉक्स मशीन, त्यामुळे दुसरा मॉनिटर डावीकडे. म्हणजे त्याच्यावरचे आडवे आकडे उणे: उणे १९२० पासून उणे १ पर्यंत. काही जुन्या प्रोग्रॅमना उणे आकडे पचत नाहीत आणि त्यांच्या छोट्या खिडक्या भलतीकडे उघडतात. आम्ही दोन दिवस पाहिलं, कामापुरतं सगळं जागेवर उघडत होतं. दादाने डावीकडे पान ठेवलं, उजवीकडे गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली. दुकानाचा इन्व्हर्टर लहान. त्यावर संगणक आणि एकच मॉनिटर, उजवा. डावा काळा पडला आणि पत्रिका त्याच्यावर होती. आता यजमान ओळखेल की एक मॉनिटर गेला, पाहुण्याला सांगेल, आणि पान आपसूक उजवीकडे येईल, असं मला वाटलं. काही आलं नाही. मग आठवलं: व्हीजीएच्या नवव्या पिनेतून संगणकच पाच व्होल्ट पुरवतो, ओळखपत्राच्या चिपसाठी. मॉनिटरची वीज गेली तरी चिप जिवंत राहू शकते आणि विचारलं की सांगते, मी आहे, १९२० बाय १०८०. यजमानाच्या लेखी दोन मॉनिटर, पाहुण्याच्या लेखी दोन मॉनिटर. अंधार फक्त आम्हा दोघांना दिसत होता.

"गणपती खय गेलो?" दादाने विचारलं.

विंडोजची कळ, शिफ्ट आणि उजवा बाण. विंडोज सेव्हनपासून ही सोय आहे, समोरची विंडो शेजारच्या पडद्यावर सरकवायची.

"इलो," दादा म्हणाला, आणि वधूच्या मामाचं नाव टाइप करायला लागला.