जोडणी-सेटिंग, सामाईक

अंदाजपत्रकाचे सॉफ्टवेअर ज्या डेटाबेसमधून आकडे घेते, त्याचा पत्ता (सर्व्हर, पोर्ट, डेटाबेसचे नाव, आणि सॉफ्टवेअर व डेटाबेस यांना जोडणारा ड्रायव्हर हा छोटा प्रोग्राम) एकदाच लिहून सर्व वापरकर्त्यांना तोच वापरू देण्याची पद्धत. विंडोजवर ती मुख्यतः ओडीबीसी (ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी), म्हणजे सॉफ्टवेअरने वेगवेगळ्या डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलावे यासाठीच्या प्रमाणावर उभी आहे.

ओडीबीसीच्या उगमाविषयी दोन प्रकारे लिहिले जाते. मायक्रोसॉफ्टने ते १९९२ च्या सुमारास बाजारात आणले, म्हणून त्याचे श्रेय त्या एकाच कंपनीला देण्याचा प्रघात आहे. मात्र एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप हा अनेक कंपन्यांचा गट त्याच काळात ‘कॉल लेव्हल इंटरफेस’चा (सीएलआय, म्हणजे सॉफ्टवेअरने डेटाबेसला विचारणा करण्याच्या ठरीव पद्धतीचा) मसुदा करीत होता आणि मायक्रोसॉफ्टचाही त्यात सहभाग होता. आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेने १९९५ मध्ये स्वीकारलेला एसक्यूएल/सीएलआय आणि पुढची ओडीबीसी ३ ही आवृत्ती यांतील साम्य पाहता उगम सामाईक मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जोडणीची नोंद, म्हणजे डीएसएन (डेटा सोर्स नेम), तीन प्रकारची असते. यूझर डीएसएन एका लॉगिनपुरता, सिस्टिम डीएसएन त्या संगणकावरील सर्वांसाठी. दोन्ही रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, राहतात. फाइल डीएसएन ही साधी मजकूर-फाइल असून नेटवर्कवरील फोल्डरमध्ये ठेवता येते; खऱ्या अर्थाने सामाईक हीच. ड्रायव्हर मात्र प्रत्येक संगणकावर वेगळा बसवावा लागतो. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट सॉफ्टवेअरला ६४ बिटचा सिस्टिम डीएसएन दिसत नाही. त्यातच या नोंदी करण्याचा ६४ बिट ओडीबीसी व्यवस्थापक ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये आणि ३२ बिटचा ‘सिसवाव६४’मध्ये, असा उलटा नामकरणाचा प्रकार आहे. फाइल डीएसएनमध्ये पासवर्ड आपोआप लिहिला जात नाही. कोणी हाताने घातल्यास फोल्डर उघडू शकणाऱ्या प्रत्येकाला तो वाचता येतो. म्हणून विंडोज लॉगिननेच ओळख पटवणे, किंवा प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देऊन तरतुदी बदलण्याचा अधिकार मोजक्यांकडे ठेवणे इष्ट.

खानदेशात जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे येतात. तेथील जिनिंग किंवा पतसंस्थेच्या दोन-चार संगणकांच्या कार्यालयात, एप्रिलपासूनच्या वर्षाचे अंदाजपत्रक मार्चमध्ये बसवताना, एकाच यंत्रावर डेटाबेस आणि बाकीच्यांवर सॉफ्टवेअर अशी मांडणी सोयीची ठरते. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की सर्व्हरला (डेटाबेसच्या यंत्राला) नवा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील क्रमांक, मिळू शकतो आणि आयपी लिहून केलेली जोडणी तुटते. त्यामुळे फाइलमध्ये आयपीऐवजी सर्व्हरचे नाव लिहितात किंवा सर्व्हरचा पत्ता कायम ठेवतात.