ईआरसीपी

ईआरसीपी : पित्तनलिका व स्वादुपिंड यांच्या विकारांसाठी वापरली जाणारी एन्डोस्कोपीची पद्धत. पूर्ण नाव एन्डोस्कोपिक रेट्रोग्रेड कोलँजिओपँक्रिएटोग्राफी. दुर्बीण तोंडावाटे जठरातून आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात नेतात. तेथे दोन्ही नलिका जिथे उघडतात त्या मुखात बारीक नळी सरकवून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडतात. नलिकांचे चित्र पडद्यावर उमटले की खडा, अरुंदपणा किंवा गळती कुठे आहे ते कळते, आणि बहुधा त्याच बैठकीत इलाजही होतो. पित्त यकृताकडून आतड्याकडे वाहते, द्रव्य मात्र उलट चढवले जाते, म्हणून ‘रेट्रोग्रेड’.

मराठी विश्वकोशात पँक्रियाजला ‘अग्निपिंड’ म्हटले आहे; दवाखान्यात व पाठ्यपुस्तकांत ‘स्वादुपिंड’ रुळला असल्याने येथे तोच शब्द घेतला आहे. छातीत जळजळले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो, ते जठरातील आम्ल. या नोंदीतले पित्त यकृतात तयार होते.

शरीररचना व नावे : यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका बहुतेकांत एकत्र येऊन आद्यांत्राच्या आतील एका लहानशा उंचवट्यावर उघडतात. या उंचवट्याला जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ आब्राहाम फाटर यांचे नाव आहे. त्यांचे वर्णन 1720 चे. पण हॉलंडमधील होव्हर्ट बिडलो यांनी 1685 मध्येच तो दाखवला होता. मुखाभोवतीच्या स्नायुवलयाला रुज्जेरो ओद्दी यांचे नाव मिळाले (1887), तरी इंग्रज वैद्य ग्लिसन यांना सतराव्या शतकात त्याची कल्पना होती असे दिसते. स्वादुपिंडाच्या नलिकेचा वाद अधिक कडवट. योहान गेओर्ग विर्सुंग यांनी पादुआ येथे 1642 मध्ये फाशी गेलेल्या एका माणसाच्या शवात ती पाहिली, ताम्रपटावर तिचे चित्र कोरले आणि ही धमनी की शीर, असे इतर विद्वानांना पत्राने विचारले. पुढच्याच वर्षी त्यांचा खून झाला. त्यानंतर त्यांचे सहकारी मॉरिट्स होफमन यांनी आपण ती आधीच एका पक्ष्यात पाहिली होती असा दावा मांडला. तो खरा धरला तरी माणसातील नलिका दाखवण्याचे श्रेय विर्सुंग यांच्याकडेच ठेवणे योग्य वाटते.

उगम : या मुखात नळी घालण्याचा प्रयत्न दुर्बिणीशिवाय, केवळ क्ष-किरणांच्या आधाराने राबिनॉव्ह व सायमन यांनी 1965 मध्ये केला होता. दुर्बिणीतून तो साधल्याचा पहिला प्रसिद्ध वृत्तांत अमेरिकेतील विल्यम मॅक्यून व त्यांच्या सहकाऱ्यांचा, 1968 चा. यश सुमारे एक चतुर्थांश रुग्णांतच मिळाले आणि त्या गटाने काम फारसे पुढे नेले नाही. जपानमध्ये इतारू ओइ व इतरांनी 1969–70 च्या सुमारास उपकरणे बनवणाऱ्यांबरोबर बसून खास आद्यांत्रासाठी बाजूला पाहणारी दुर्बीण घडवली. सरळ पुढे पाहणाऱ्या दुर्बिणीतून भिंतीवरचा उंचवटा तिरका दिसतो, नीट समोर येत नाही. अडचण तेवढीच होती. पहिले कोण हा प्रश्न 1968 च्या बाजूने सुटतो, पण आज जगभर होते ती पद्धत जपानी दुर्बिणीतून आली आहे. इंग्लंडमध्ये ती पीटर कॉटन यांनी रुजवली.

मुख विजेच्या तारेने कापून खडा काढण्याचा, म्हणजे स्फिंक्टरोटॉमीचा उगमही असाच दुहेरी. जर्मनीत एर्लांगेन येथील क्लासेन व डेमलिंग आणि क्योतो येथील केइइची कावाइ यांची टिपणे 1974 मध्ये काही महिन्यांच्या अंतराने आली. दोन्ही गट स्वतंत्रपणे काम करत होते असे बहुतेक लेखक मानतात. पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, ठेवण्याची सुरुवात हाम्बुर्गच्या निब झेहेन्द्रा यांची, 1979–80 ची.

कृती : रुग्णाला गुंगीचे औषध देऊन पोटावर किंवा डाव्या कुशीवर झोपवतात. उंचवटा समोर आला की खरी कसोटी सुरू होते. पडद्यावर घड्याळाची तबकडी कल्पिली तर पित्तनलिका साधारण 11 च्या दिशेने वर जाते, स्वादुपिंडाची 1 च्या दिशेने. दुर्बिणीच्या टोकाशी असलेला छोटा उचलपट्टा नळीला कोन देतो. हल्ली 0.035 इंच जाडीची तार आधी सरकवतात आणि ती पित्तनलिकेत गेली हे क्ष-किरणांत पाहिल्यावरच द्रव्य सोडतात, कारण स्वादुपिंडाच्या नलिकेत पुन्हा पुन्हा शिरणे हेच पुढच्या त्रासाचे मोठे कारण असते.

उपयोग : सर्वांत जास्त वेळा ती होते पित्तनलिकेत उतरलेल्या खड्यांसाठी. मुख कापून किंवा फुग्याने रुंद करून खडा जाळीच्या टोपलीने अथवा फुग्याने ओढून काढतात. मोठा असेल तर आतच फोडतात. ताप, कावीळ व पोटात वरच्या बाजूला दुखणे हे तिन्ही एकत्र आले, तर अडकलेले पित्त पिकले असे समजावे. अशा वेळी ईआरसीपी तातडीची ठरते. काविळीवर गावठी औषध घेत आठवडे घालवलेले रुग्ण आपल्याकडे याच अवस्थेत येतात. अडथळ्याची कावीळ कोणत्याही पाल्याने उतरत नाही.

खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली असता लगेच ईआरसीपी करावी का, यावर बराच काळ मतभेद होते. नेदरलँड्समधील 2020 च्या चाचणीत, पित्तनलिकेत जंतुसंसर्ग नसेल तर घाईचा फायदा दिसला नाही. स्वादुपिंडाच्या शीर्षभागाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी सर्रास स्टेंट घालण्याबाबतही तेथील 2010 चा निष्कर्ष प्रतिकूल आहे : गंभीर गुंतागुंत थेट शस्त्रक्रियेत 39 टक्के, आधी स्टेंट घातलेल्यांत 74 टक्के. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्यांत मात्र स्टेंटने कावीळ व खाज उतरते. स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेत नलिकेतील खडे व अरुंदपणा यांवर दुर्बिणीतून इलाज होतो, पण वेदना कमी करण्यात शस्त्रक्रिया वरचढ असल्याकडे पुरावा झुकतो.

काश्मीरमध्ये पित्तनलिकेत जंत शिरण्याचे प्रमाण लक्षणीय होते. श्रीनगरच्या खुरू यांनी 1990 मध्ये अशा 500 रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. जंत चिमट्याने धरून काढतात. मुख कापणे टाळतात, नाहीतर दुसऱ्या जंताला वाट मोकळी होते. भारतात या शाखेला हैदराबादमधील डी. नागेश्वर रेड्डी यांच्या कामाने मोठी चालना मिळाली.

धोके : ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येणे ही नेहमीची गुंतागुंत, प्रमाण साधारण 3 ते 10 टक्के. गुदद्वारातून इंडोमेथॅसिन हे सूज कमी करणारे औषध दिल्यास ते घटते : जास्त धोका असलेल्या रुग्णांवरील 2012 च्या अमेरिकी चाचणीत 16.9 वरून 9.2 टक्के. रक्तस्राव व आतड्याला छिद्र त्याहून विरळ. उचलपट्ट्याच्या फटीत जंतू राहून दुर्बिणीतून संसर्ग पसरल्याची प्रकरणे 2015 मध्ये अमेरिकेत गाजली आणि त्यानंतर टोक बदलता येणाऱ्या व एकदाच वापरायच्या दुर्बिणी आल्या.

या धोक्यांमुळेच नुसत्या निदानासाठी ईआरसीपी आता करत नाहीत. ते काम एमआरसीपी (एमआरआयने घेतलेले नलिकांचे चित्र) व एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड यांनी घेतले. दुर्बिणीच्या टोकाशीच सोनोग्राफी असलेल्या या दुसऱ्या उपकरणाने जठराच्या भिंतीतून सुई घालून स्वादुपिंडाच्या गाठीचा तुकडा घेता येतो, साचलेला द्राव जठरात मोकळा करता येतो, आणि मुखात नळी जातच नसेल तर पित्ताला दुसरी वाटही काढता येते.

स्टेंट : प्लास्टिकचा स्टेंट तीन-सव्वातीन मिलिमीटर जाडीचा, साधारण तीन महिन्यांत गाळाने बंद होतो, म्हणून बदलावा किंवा काढावा लागतो. धातूचा, आपोआप उघडणारा, 8 ते 10 मिलिमीटर रुंद व जास्त टिकणारा, पण महाग. कावीळ उतरली, भूक लागली, की पुष्कळ जण पुन्हा फिरकत नाहीत, आणि वर्ष-दोन वर्षांनी थंडीताप भरून येतात तेव्हा जुना स्टेंट खड्यात रुतलेला सापडतो. काही रुग्णालये डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढण्याची तारीख लाल शाईने लिहितात.