चीक, लस आणि पिल्लाचे पहिले चौदा आठवडे

गाय व्यायली की पहिल्या दिवसांच्या चिकाचा खरवस आपण आवडीनं खातो. कुत्रीच्या पिल्लांना मात्र त्यांच्या आईचा असाच चीक जगवतो. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिनं, पोटात असतानाच नाळेतून मिळतात. कुत्र्याच्या पिल्लाला नाळेतून फार थोडी मिळतात. बाकीची जवळजवळ सगळी जन्मल्यावर पहिल्या २४ तासांत, चिकातून. त्यानंतर ती आतड्यातून रक्तात शिरू शकत नाहीत.

आईची ही शिदोरी पिल्लाला सुरुवातीचे आठवडे सांभाळते आणि पुढे तीच लसीच्या आड येते. लसीतला दुबळा केलेला विषाणू पिल्लाच्या शरीराला नीट ओळखता येण्याआधीच आईची प्रतिपिंडं त्याचा निकाल लावतात. लस टोचली जाते, कार्डावर स्टिकर चिकटतो, पण आत काहीच घडलेलं नसतं. शिदोरी कधी संपेल हेही ठरलेलं नसतं. एखाद्याची सहाव्या आठवड्यात संपते, एखाद्याची सोळाव्यापर्यंत पुरते. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक पडतो. त्यात एक वाईट टप्पा येतो: उरलेली प्रतिपिंडं लस निकामी करायला पुरतात, पण गल्लीतला खरा विषाणू अडवायला पुरत नाहीत.

म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत लस देत राहावं लागतं. ‘नाइन-इन-वन (एकत्रित लस) एकदा दिली, आता परत कशाला?’ हा प्रश्न दवाखान्यात रोज ऐकू येतो आणि डॉक्टरांच्या हेतूवर शंकाही घेतली जाते. प्रत्येक डोस म्हणजे वाट मोकळी झाली आहे का, हे पुन्हा एकदा बघणं असतं. त्यातला सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरचा शेवटचा डोस सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच बरेच जण चुकवतात. डब्ल्यूएसएव्हीए ही पशुवैद्यकांची जागतिक संघटना आता २६ आठवड्यांच्या सुमारास आणखी एक डोस सुचवते, आधीचे सगळे वाया गेले असतील तर निदान हा लागू पडावा म्हणून.

एवढा आटापिटा मुख्यतः पार्व्होसाठी. हा विषाणू १९७८ च्या सुमारास एकदम जगभर पसरला. तो मांजरांतल्या एका विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे. वेगानं वाढणाऱ्या पेशी त्याला लागतात, त्यामुळे आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज तो आधी गाठतो. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि पांढऱ्या पेशी घटल्यामुळे प्रतिकार करायला शरीरात कोणी उरत नाही. लस न झालेलं पिल्लू काही दिवसांत जाऊ शकतं. विषाणूवर स्निग्ध आवरण नसल्यानं तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फिनेलनं पुसलेल्या फरशीवर भरवसा ठेवू नका. आधी घाण धुऊन मग पाण्यात मिसळलेलं ब्लीच वापरा. तो चपलांच्या तळव्यांवरूनही घरात येतो, तेव्हा चपला दाराबाहेर काढायची आपली जुनी सवय इथे खरोखर उपयोगी पडते. याच लसींत येणारा दुसरा रोग डिस्टेंपर. त्याचा विषाणू गोवराच्या विषाणूचा भाऊबंद, पण शरीराबाहेर फार तग धरत नाही. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा रोग उंदरांच्या मुतातून, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येतो. त्याची लस वेगळ्या धाटणीची, दोन डोस आणि मग दरवर्षी.

हे सगळं ऐकलं की माणूस ठरवतो, डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढायचंच नाही. विचार मायेचा आहे, पण मला तो पूर्णपणे पटत नाही, कारण पिल्लाच्या मेंदूतही एक घड्याळ चालू असतं.

अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही पिल्लं कुंपणाच्या मोकळ्या रानात, माणसांपासून दूर वाढवली. वेगवेगळ्या वयाच्या गटांना एकेक आठवडा माणसांच्या सहवासात आणलं. १९६१ साली निष्कर्ष छापून आले. ज्या पिल्लांनी चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस पाहिलाच नव्हता, ती त्यानंतरही जंगली जनावरासारखी बिथरत राहिली. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लू जे पाहतं-ऐकतं ते ‘आपलं’ म्हणून स्वीकारतं. पुढे अनोळखी गोष्टीची आधी भीती वाटते. म्हणजे लसींचा शेवटचा डोस होईतो ही खिडकी मिटलेली असते. कोंडून वाढलेलं कुत्रं पुढे लिफ्टमध्ये शिरताना थरथरतं, पाहुण्यांवर धावून जातं आणि शेवटी कुणीतरी त्याला रस्त्यावर सोडून देतं. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यकांनी २००८ मध्येच सांगितलं की पहिली लस आणि जंतांचं औषध झाल्यावर आठवडाभरानं, म्हणजे सात-आठ आठवड्यांच्या वयापासून, पिल्लाला स्वच्छ जागी इतर लसवंत पिल्लांत न्यायला हरकत नाही.

आपल्याकडे रस्त्यावर भटकी कुत्री आणि त्यांची विष्ठा दोन्ही असल्यानं नियम सोपा ठेवावा: पिल्लू जग बघेल, पण जमिनीला पाय लावणार नाही. कडेवर घ्या, पिशवीत बसवा, भाजीच्या बाजारापर्यंत फिरवून आणा. रिक्षा, शाळेचे गणवेश, छत्री, दाढीवाले काका, कुबडी घेतलेल्या आजी, सगळं त्याला दिसू द्या. घरी कुकरची शिट्टी आणि मिक्सर आहेतच. फटाक्यांचा आणि ढोल-ताशांचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावा, सोबत खाऊ द्या, मग दिवसांगणिक थोडा मोठा करा. पूर्ण लस झालेल्या, शांत स्वभावाच्या मोठ्या कुत्र्याशी ओळखीच्या घरात गाठ घालून द्या. शेपूट पायात गेली, कान मागे पडले, खाऊही नको झाला, की थांबा आणि लांब जा. घाबरलेल्या पिल्लाला ‘सवय होईल’ म्हणून तिथेच धरून ठेवलं तर सवय भीतीचीच लागते.

आणखी एक. चार-पाच आठवड्यांचं पिल्लू ‘लवकर लळा लागेल’ म्हणून आणू नका. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या सरकारी नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दात किती जोरात लावायचा हे ते त्या काळात आई-भावंडांकडूनच शिकतं.

रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, आणि वर्षभरानं बूस्टर. तोपर्यंत भटक्या कुत्र्यांशी खेळ अजिबात नको. जगातल्या माणसांच्या रेबीजपैकी जवळजवळ सगळा कुत्र्यांमुळे होतो आणि लक्षणं दिसल्यावर तो जवळजवळ कधीच बरा होत नाही. पिल्लालाही रेबीज होतो. गल्लीतल्या गोंडस पिल्लानं मुलाच्या बोटाला दात लावला आणि ‘पिल्लूच तर आहे’ म्हणून हळद लावून विषय संपवला, असं घरोघरी होतं. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. ओरखडा असला तरीही.