होमब्रू आरपीजी व्हर्च्युअल टेबलटॉपवर आणणं

ज्याचे नियम दुकानातल्या पुस्तकात नसून कुणाच्या तरी वहीत, गूगल डॉकमध्ये आणि बऱ्यापैकी जीएमच्या (गेम मास्टर, खेळ चालवणारा) डोक्यात आहेत असा घरी बनवलेला, म्हणजे होमब्रू, टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (आरपीजी, टेबलाभोवती बसून आपापलं पात्र खेळायचा) ऑनलाइन खेळता यावा म्हणून व्हर्च्युअल टेबलटॉप सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा, असं हे काम. व्हर्च्युअल टेबलटॉपला सगळे व्हीटीटीच म्हणतात. त्यात साधारण नकाशा, त्यावर सरकवायची टोकन्स, फासे, कॅरेक्टर शीट (पात्राचे आकडे लिहायचा तक्ता) आणि चॅट एवढं मिळतं, बोलायला बरेच ग्रुप डिस्कॉर्ड हे व्हॉइस चॅटचं अॅप लावतात. नावाजलेल्या छापील गेमसाठी शीट वगैरे आयतं असतं, विकत नाहीतर फुकट. होमब्रूला आयतं काही नाही, आणि खरी गोम अशी की टेबलावर जे नियम "बघू रे तेव्हाचं तेव्हा" म्हणत निभावून जातात ते मशीनला आधीच सांगून ठेवावे लागतात.

थोडं मागचं

घरचे नियम या छंदात पहिल्यापासून आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) १९७४ मध्ये आला आणि त्याच्या नियमांत इतकी भोकं होती की जो तो ग्रुप ती आपापल्या परीने बुजवत बसायचा. ऑनलाइन बाजूला फँटसी ग्राउंड्स हे व्हीटीटी २००४ पासून आहे, त्यात कोअरआरपीजी नावाचा पायाभूत रूलसेट असतो आणि त्यावर एक्सएमएल आणि लुआ या कॉम्प्युटरच्या भाषांमध्ये आपला गेम रचतात. मॅपटूल हे जावामधलं फुकट, ओपन सोर्स. रोल२० ने २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे केले आणि सगळं ब्राउझरमध्ये आणलं. फाउंड्री हे व्हीटीटी मे २०२० मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, नेमकं लॉकडाउनमध्ये, जेव्हा जगभरचे ग्रुप घरात अडकून पडले होते. पुढचं बरंचसं फाउंड्री आणि रोल२० धरूनच लिहिलंय कारण होमब्रूवाले जास्त करून तिथेच सापडतात.

आधी आकडे कुठे राहणार ते ठरवा

नवखा माणूस सुरुवात करतो ती शीट सुंदर दिसावी इथून, जुन्या चर्मपत्रासारखं बॅकग्राउंड, फॅन्सी फाँट, आणि मग तीन आठवड्यांनी कळतं की ढालीचं वजन कुठे साठवायचं हेच ठरलेलं नाही. फाउंड्रीत प्रत्येक गोष्ट एकतर अॅक्टर असते (पात्र, राक्षस, वाहन) नाहीतर आयटम (तलवार, मंत्र, एखादं कौशल्यसुद्धा), आणि कुठल्या प्रकाराला कुठली फील्ड्स आहेत हे सिस्टिममध्ये, म्हणजे आपल्या गेमचे नियम सांगणाऱ्या कोडमध्ये, आधी लिहावं लागतं. "शाप" हा आयटम आहे की अॅक्टरवरचा नुसता एक आकडा, असले प्रश्न इथे पडतात. उत्तर चुकलं तरी गेम चालतो, फक्त पुढे एका पात्राला दोन शाप लागले की पंचाईत होते.

रोल२० वर हीच गोष्ट वेगळ्या वाटेने होते. शीट म्हणजे एचटीएमएल आणि सीएसएस, प्रत्येक फील्डच्या नावापुढे ठरलेला "अॅट्र" असा उपसर्ग लावायचा, आणि आपोआप हिशेब करायचा असेल तर जावास्क्रिप्टमध्ये शीट वर्कर लिहायचे. वर्करची एक खोड लक्षात ठेवावी, ताकद बदलली म्हणून हल्ला बदलला, हल्ला बदलला म्हणून वजनमर्यादा बदलली, आणि त्याने परत ताकदीला हात लावला की गोल गोल फिरत बसतं.

दोन्हीकडे एक पथ्य मात्र सारखंच. मुळात साठवायचा आकडा आणि त्यावरून काढायचा आकडा वेगळे ठेवा. ताकदीवरून हिट पॉइंट्स (पात्रात जीव किती तो आकडा) निघत असतील तर फक्त ताकद साठवा, हिट पॉइंट्सचं कमाल दर वेळी काढा. काढलेला आकडाच साठवला आणि त्यावर पुन्हा बोनस चढला, की दर वेळी शीट उघडल्यावर पात्र थोडं थोडं अमर होत जातं (प्लेयर लोक हे बग म्हणून सांगत नाहीत हो, अजिबात नाही).

अपूर्णांकाची भानगड इथेच येते. टेबलावर "अर्धं नुकसान" म्हटलं की ७ चं अर्ध ३ का ४ यावर दोन मिनिटं वाद होतो आणि जीएम निकाल देतो. कोडमध्ये ते लिहावंच लागतं. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनमध्ये ताकदीसारख्या गुणाच्या आकड्यातून १० वजा करून निम्मं करतात आणि खालच्या पूर्णांकावर आणतात, म्हणून ९ गुणाचा मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा) उणे १ येतो. कुणी नुसता अपूर्णांक छाटून टाकला तर तोच शून्य होतो. १० च्या वर दोन्ही पद्धती अगदी सारखं उत्तर देतात, त्यामुळे ही चूक कुणाचं तरी कमजोर पात्र येईपर्यंत झाकलेली राहते.

फासे

साधे फासे सगळीकडे चालतात. दोन टाकून मोठा ठेवायचा, कमाल आकडा आला की परत टाकायचा, अमुकच्या वर आलेले मोजायचे, हे दोन्ही सॉफ्टवेअरना येतं, फक्त लिहायची पद्धत वेगळी. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या गेमपासून पसरलेली २डी६ (दोन सहाबाजूंचे फासे) पद्धत, १० किंवा वर पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे यश पण किंमत मोजून, ६ किंवा खाली फसलं, हीसुद्धा सोपी आहे कारण मशीनने फक्त तीन पट्टे ओळखायचे असतात. कुठलाही बोनस नसताना वरचा पट्टा ३६ पैकी ६ वेळा येतो आणि बाकीचे दोन १५-१५ वेळा. बऱ्याच होमब्रूंचा बाप हाच गेम आहे.

मजा येते ती फासे सोडून दुसरं काही वापरलं की. समजा कुणी आपल्या गेममध्ये पटासारख्या सहा कवड्या ठेवल्या आणि किती उताण्या पडल्या ते मोजायचं ठरवलं. घाईत लोक त्याजागी एक सहाबाजूंचा फासा लावून मोकळे होतात आणि गेम पार बदलतो, कारण फाशावर प्रत्येक आकडा सारखाच येतो पण सहा कवड्यांत, त्या अगदी निम्म्या-निम्म्या पडतात असं धरलं तरी, तीन उताण्या ६४ पैकी २० वेळा येतात आणि सहाच्या सहा फक्त एकदा. फाउंड्रीत नाणं टाकायचा फासा आहे, तो सहा वेळा टाकला की काम जवळपास होतं. जवळपासच, कारण खरी कवडी नाण्यासारखी पडत नाही, तिची पाठ फुगीर असते. आपल्या कवड्या पन्नास-शंभर वेळा टाकून मोजाव्यात, समजा ४०% वेळा उताणी आली तर सहा डी१०० (१ ते १०० चे फासे) टाकून ४० किंवा त्याखालचे मोजायचे. मग सहाही उताण्या यायला सरासरी २४४ डाव लागतात. त्या डावावर तुम्ही देवीचा कौल वगैरे ठेवला असेल तर कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एक गोष्ट) संपेपर्यंत देवी काही बोलणार नाही हे समजून असा.

पत्ते चालतात, सॅव्हेज वर्ल्ड्स या गेममध्ये इनिशिएटिव्ह (लढाईत कुणाची पाळी आधी ते) पत्त्यांवर असतं आणि फाउंड्रीत नवव्या व्हर्जनपासून पत्त्यांची सोय आहे. ड्रेड या गेमचं मात्र अवघड आहे, तिथे फाशाऐवजी जेंगाचा (एकेक ठोकळा काढत जायचा) मनोरा असतो आणि हात थरथरणं हाच नियम. ते क्लिकमध्ये कसं आणणार?

किती ऑटोमेशन

इथे दोन पंथ आहेत. एकांना सगळं आपोआप हवं असतं, हल्ला दाबला की फासे, लागलं का नाही, चिलखत वजा, हिट पॉइंट्स कमी, विषाचा परिणाम तीन फेऱ्या, सगळं. दुसऱ्यांना नकाशा आणि चॅट पुरतो. होमब्रूच्या बाबतीत दुसऱ्या पंथाकडे झुकलेलं बरं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण घरचे नियम दर दोन-तीन सेशनला बदलतात आणि प्रत्येक ऑटोमॅटिक गोष्ट बदलताना कोड उघडावा लागतो. मग जीएम नियम सुधारायचं टाळायला लागतो, चुकीचा आहे हे माहीत असूनही. शीटवर आकडे, त्यातून रोलची बटणं आणि निकाल चॅटमध्ये, इथे थांबा. नुकसान ज्याचं त्याने वजा करावं.

शिवाय जीएमची लबाडी हा घरगुती खेळाचा भाग आहे, पडद्यामागे फासा टाकून आकडा जरा सावरून सांगणं. व्हीटीटी पूर्ण फॉर्म्युला सगळ्यांसमोर मांडतं. म्हणून खाजगी रोल कुठे आहे ते आधी शोधून ठेवावं, फाउंड्रीत तर ब्लाइंड रोलही आहे, टाकतो प्लेयर पण आकडा दिसतो फक्त जीएमला. सापळा शोधायला, खोटं ओळखायला एकदम भारी.

नकाशा

फाउंड्रीत चौकोन मुळात १०० पिक्सेलचा, रोल२० वर ७० चा, आणि रोल२० धरून चालतं की एक चौकोन म्हणजे ५ फूट, फाउंड्रीत ते सिस्टिममध्ये ठरतं. तुमच्या गेममध्ये "जवळ, लांब, खूप लांब" एवढंच असेल तर ग्रिड बंद करा, नाहीतर चौकोन दिसले की लोक मोजायला लागतात आणि गेम बुद्धिबळाकडे सरकतो. तिरकं चालणंही ठरवून घ्यावं, प्रत्येक तिरपा चौकोन ५ फूट की आलटून पालटून ५ आणि १०.

देवनागरीत करायचं असेल तर

फाउंड्रीत सगळी लेबलं वेगळ्या जेसन फाइलमध्ये ठेवता येतात, त्यामुळे शीट मराठीत करणं शक्य आहे आणि दिसतंही छान. पण आतली फील्डची नावं रोमनच ठेवा. आकड्यांचं तर पक्कं लक्षात ठेवा, जावास्क्रिप्टला "५" हा आकडा वाटतच नाही, कुणी टेक्स्ट फील्डमध्ये देवनागरी अंक टाकले की हिशेब कोलमडतो, तेव्हा आत घ्यायच्या आधी अंक बदलून घेणारी एक ओळ लागते.

त्याहून चिवट प्रकार चॅटमधल्या आपोआप येणाऱ्या वाक्यांचा. इंग्रजीत रिकाम्या जागी नाव भरलं की वाक्य उभं राहतं. आपल्याकडे "तलवार" ला नुसतं "ने" जोडलं की "तलवारने" होतं, "भाला" चं "भालाने", आणि वार चुकला तर पात्र "चुकला" की "चुकली" हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार. सामान्यरूपाचं वेगळं फील्ड ठेवणारे हौशी लोक असतील बुवा, पण सोपा मार्ग म्हणजे वाक्य करूच नये. "हत्यार: तलवार, नुकसान: ७" असं तुटक लिहिलं की सुटलो.

चालवणं आणि टिकवणं

फाउंड्रीचं लायसन्स एकदाच घ्यायचं आणि तेही फक्त जीएमने, बाकीचे ब्राउझरमधून येतात. पण सर्व्हर आपल्या कॉम्प्युटरवर चालतो आणि भारतात घरच्या बऱ्याच ब्रॉडबँड लाइन्स कंपनीच्या सामायिक पत्त्याआड असतात, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडा, बाहेरचा माणूस आत येत नाही. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) चालत असेल तर बघावं, नाहीतर टनेल (मधल्या सर्व्हरमधून वाट देणारी सोय) किंवा छोटा क्लाउड सर्व्हर. हे पहिल्या सेशनच्या आदल्या दिवशी तपासा, पुण्यात रात्री ८ वाजता न्यू जर्सीचा मित्र त्याच्या सकाळी कॉफी घेऊन बसलेला असताना नको.

फाउंड्रीच्या मोठ्या व्हर्जन्स जुना कोड मोडतात. दहाव्यात डेटाची मांडणी बदलली, अकराव्यात डेटाबेसच बदलला, बाराव्यात खिडक्या बनवायची नवी पद्धत आली. कॅम्पेन मध्यावर असताना अपडेट दाबू नये, आणि दाबायचंच तर बॅकअप घेऊन. कोड लिहायचाच नसेल तर सिंपल वर्ल्डबिल्डिंग किंवा कस्टम सिस्टिम बिल्डर वापरा, फील्ड्स क्लिक करून बनतात. बहुतेक घरच्या गेमना तेवढं पुरतं. कोड येत असेल तर बॉयलरप्लेट नावाची कोरी सिस्टिम कॉपी करून त्यावर चढवायचं.

आपल्याच ग्रुपसाठी असेल तर हक्कांचा प्रश्न सहसा कुणी काढत नाही. सगळ्यांना वाटायचं असेल तर मात्र मूळ पुस्तकातला मजकूर आणि चित्रं उचलू नयेत. डी अँड डीवर आधारलेलं असेल तर पाचव्या एडिशनचे मूळ नियम, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली खुले झाले, श्रेय दिलं की वापरता येतात. फाउंड्रीची सिस्टिम वाटायला तिच्या मॅनिफेस्ट फाइलची (सिस्टिमची माहिती असलेली फाइल) लिंक दिली की पुरतं, समोरचा ती आपल्याकडे पेस्ट करून इन्स्टॉल करतो.