यक्षप्रश्न (महाभारत)

यक्षप्रश्न म्हणजे महाभारताच्या वनपर्वात अगदी शेवटी येणारा यक्ष आणि युधिष्ठिर यांच्यातला सवालजवाब. पांडवांची वनवासाची १२ वर्षं संपत आलीयेत, तेरावं वर्ष अज्ञातवासाचं, ते तोंडावर आलंय, आणि नेमका तेव्हा हा प्रसंग घडतो. ज्या उपपर्वात तो येतो त्याला आरणेय पर्व म्हणतात कारण सगळं रामायण (म्हणजे महाभारतच!) अरणीवरून सुरू होतं. अरणी म्हणजे यज्ञासाठी घासून अग्नी काढायची लाकडं. आपल्याकडे कीर्तनकार, प्रवचनकार, शाळेतले संस्कृतचे सर आणि आता व्हॉट्सअॅपवरचे सकाळचे मेसेज अशा सगळ्यांनी यातले चारपाच प्रश्न घराघरात पोचवलेत, पण त्यामुळे एक झालंय, लोकांना उत्तरं पाठ असतात आणि गोष्ट अर्धीच माहीत असते. आणि या प्रकरणातली शिकवण निम्म्याहून जास्त गोष्टीतच आहे.

कथा

द्वैतवनात एका ब्राह्मणाने झाडाला अडकवून ठेवलेली अरणी एका हरणाच्या शिंगात अडकते, ते अंग घासायला झाडापाशी आलेलं असतं, आणि हरीण ती घेऊन पळतं. ब्राह्मण पांडवांकडे धावत येतो, माझं अग्निहोत्र बुडेल, काहीतरी करा. पाचही भाऊ धनुष्यं घेऊन मागे लागतात पण हरीण काही हाती लागत नाही, दिसेनासं होतं. दमून, तहानेने व्याकूळ होऊन ते एका वडाखाली बसतात.

इथे एक छोटा संवाद आहे जो बहुतेक जण सांगताना गाळतात. नकुल विचारतो की आपण धर्म कधी सोडला नाही, कुणाला नाही म्हटलं नाही, मग आपल्यावरच अशी वेळ का येते. युधिष्ठिर म्हणतो की संकटांना काही हद्द नसते आणि कारणही नसतं, पापपुण्याचं फळ धर्म वाटून देतो. बाकीच्यांना हे पटत नाही. भीम म्हणतो, द्रौपदीला दासीसारखं सभेत आणणाऱ्याला मी तिथेच मारलं नाही म्हणून ही वेळ आली. अर्जुन म्हणतो, कर्णाचं ते हाडं फोडणारं बोलणं मी ऐकून घेतलं म्हणून. सहदेव म्हणतो, शकुनी द्यूत जिंकला तेव्हा मी त्याला मारलं नाही म्हणून. म्हणजे तिघांच्याही मते चूक एकच, तेव्हा हात उचलला नाही. पुढे तळ्यावर काय होतं ते या बोलण्याच्या शेजारी ठेवून वाचलं तर प्रसंग एकदम वेगळाच दिसायला लागतो.

मग नकुल झाडावर चढतो, त्याला पाण्याकाठची झाडं दिसतात, सारसांचा आवाज येतो. युधिष्ठिर त्याला सांगतो जा, भात्यात पाणी भरून आण. तळ्यापाशी पोचल्यावर आकाशातून आवाज येतो की बाबा रे, असलं धाडस करू नकोस, हे तळं आधीपासून माझं आहे, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पी आणि घेऊनही जा. नकुल लक्ष देत नाही, पाणी पितो आणि पडतो. मागोमाग सहदेव, तोच प्रकार. अर्जुन येतो तो दोन भाऊ पडलेले बघून चिडतो, आवाजाच्या रोखाने बाण सोडत सुटतो, वरून आवाज येतो की या बाणांनी काय होणार, आणि शेवटी तोही पाणी पिऊन पडतो. भीमाचं वेगळं काही होत नाही.

युधिष्ठिर येतो तेव्हा मात्र तो आधी बघतो. रडतो, खूप रडतो, पण बघतो पण. अंगावर शस्त्राचे घाव नाहीत, आजूबाजूला कुणाच्या पावलांचे ठसे नाहीत, दुर्योधनाने किंवा शकुनीने पाण्यात विष कालवलं असेल असा संशय त्याला येतो पण मग तो चेहऱ्यांकडे बघतो तर चेहऱ्यांचा रंग पालटलेला नाही, म्हणजे विषही नाही. आजच्या भाषेत पंचनामाच. मग तो पाण्यात उतरायला जातो आणि आवाज येतो, मी शेवाळ आणि मासे खाणारा बगळा आहे, तुझ्या भावांना मीच मारलं. युधिष्ठिर म्हणतो की अशा चौघांना लोळवणं बगळ्याचं काम नाही, तू कोण आहेस ते सांग. तेव्हा ताडाएवढा उंच, आगीसारखा तेजस्वी यक्ष समोर दिसतो.

यावर युधिष्ठिराचं पहिलं वाक्य माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वात दुर्लक्षित वाक्य आहे. तो म्हणतो, जे आधीपासून तुझं आहे त्याची मला इच्छा नाही, तू विचार, मी माझ्या अकलेप्रमाणे उत्तरं देतो. बाकी चौघांना तहान दिसली, मालकी दिसली नाही. तहान तर यालाही तेवढीच लागलेली होती. अध्यात्म वगैरे पुढे सुरू होतं, आधी हे साधं भान की समोरची वस्तू दुसऱ्याची आहे आणि विचारून घ्यायची असते.

प्रश्न

प्रश्न बहुतेक एका श्लोकात चार असे येतात आणि उत्तरंही तशीच चार चार, नेहमीच्या छापील प्रतीत मोजले तर शंभराच्या वर जातात. सगळे एका तोलाचे नाहीत हे सरळ सांगायला हवं. काही नुसती कोडी आहेत. झोपल्यावर डोळे कोण मिटत नाही? मासा. जन्मल्यावर हलत नाही ते काय? अंडं. हृदय कुणाला नाही? दगडाला. वेगाने वाढते कोण? नदी. काही तर महाभारताच्याही आधीची आहेत, एकटा कोण फिरतो (सूर्य), पुन्हा पुन्हा कोण जन्मतो (चंद्र), थंडीवर औषध काय (अग्नी), सगळ्यात मोठं भांडं कोणतं (पृथ्वी), हे प्रश्न शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत २३व्या अध्यायात जवळजवळ याच शब्दांत आहेत, अश्वमेधाच्या वेळी ऋत्विज (यज्ञ करणारे पुरोहित) एकमेकांना विचारायचे तो भाग. म्हणजे यज्ञातली जुनी प्रश्नोत्तरांची रीत उचलून तिला मरणाच्या प्रसंगात आणून ठेवलंय.

मग नात्यांबद्दलचे येतात. पृथ्वीपेक्षा जड कोण, आई. आकाशाहून उंच कोण, बाप. वाऱ्यापेक्षा वेगवान मन आणि गवतापेक्षा जास्त चिंता. प्रवासात मित्र कोण तर ज्यांच्याबरोबर चाललोय तो तांडा, घरात बायको, आजारपणात वैद्य, आणि मरणाऱ्याचा मित्र दान. यातलं तांड्याचं उत्तर मला फार आवडतं कारण त्यात भाबडेपणा नाही, रस्त्यावर जो सोबत आहे तोच मित्र, बस्स.

आचरणाबद्दलची उत्तरं जास्त टोकदार आहेत. काय सोडलं की माणूस लोकांना आवडतो? अहंकार. काय सोडलं की पस्तावा होत नाही? क्रोध. काय सोडलं की श्रीमंत होतो? इच्छा. आणि काय सोडलं की सुखी होतो? लोभ. स्नान म्हणजे काय तर मनाचा मळ टाकणं, दान म्हणजे जिवांचं रक्षण, दया म्हणजे सगळ्यांचं सुख इच्छिणं. विष काय, असं विचारल्यावर तो म्हणतो प्रार्थना, इथे प्रार्थना म्हणजे देवापुढची नव्हे, मागत राहणं, हाव. राज्य गमावून १२ वर्षं रानात काढलेला माणूस हे बोलतोय हे लक्षात ठेवून वाचावं.

सगळ्यात प्रसिद्ध चार म्हणजे वार्ता काय, आश्चर्य काय, मार्ग कोणता आणि आनंदात कोण. आश्चर्याचं उत्तर सगळ्यांना माहिती असतं, रोज माणसं यमाच्या घरी जातायत आणि उरलेल्यांना वाटतं आपण कायम राहणार. वार्तेचं उत्तर त्याहून भयानक आहे: मोहाच्या कढईत, सूर्याचा अग्नी, रात्रंदिवसाचं सरपण, महिने आणि ऋतूंचा पळा (ढवळायची मोठी पळी) करून काळ सगळ्या जिवांना शिजवतोय, हीच बातमी. रोज बातम्या बघणाऱ्याने एकदा हे वाचावंच! मार्गाबद्दल तो म्हणतो तर्काला शेवट नाही, श्रुती वेगवेगळं सांगतात, एकाच ऋषीचं मत प्रमाण मानावं असंही नाही, धर्माचं तत्त्व गुहेत दडलंय, तेव्हा थोर लोक गेले तो रस्ता. धर्मराज म्हणवणारा माणूस धर्म पुस्तकात सापडत नाही असं कबूल करतो, हे थोडं थांबून बघण्यासारखं आहे.

आणि आनंदात कोण? ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, ज्याला घर सोडून लांब जावं लागत नाही आणि जो पाचव्या सहाव्या दिवशी का होईना आपल्या घरी भाजीपाला शिजवून खातो तो. होम लोनच्या हप्त्यांत अडकून घरापासून लांब नोकरी करणाऱ्या आपल्या पिढीला हे उत्तर जरा जास्तच लागतं. युधिष्ठिराकडे तरी तेव्हा यातलं काय होतं, घर नाही, प्रवास संपत नाही.

प्रत्येकच उत्तर आज घेता येईल असं नाही. दरिद्री माणूस मेल्यासारखाच, यासारखी वाक्यं त्या काळाच्या समाजाची आहेत, त्यांना ओढूनताणून अध्यात्म चिकटवण्यात अर्थ नाही.

आनृशंस्य आणि नकुल

सर्वांत श्रेष्ठ धर्म कोणता, या प्रश्नावर युधिष्ठिराचं उत्तर आहे आनृशंस्य. क्रूर न होणं, दुसऱ्याचं दुःख आपल्याला टोचणं, असं काहीतरी. अहिंसेएवढा हा शब्द गाजला नाही, पण क्षत्रियाला, राजाला, संसारी माणसाला जमण्यासारखा आहे तो हाच, शस्त्र हातात असतानाही पाळता येतो.

उत्तरं ऐकून यक्ष खूश होतो पण चौघांना लगेच उठवत नाही. म्हणतो, एक भाऊ निवड, तो जगेल. युधिष्ठिर म्हणतो नकुल. यक्षाला पटत नाही, अरे दहा हजार हत्तींचं बळ असलेला भीम सोडून? ज्याच्या बाहुबळावर तुम्ही सगळे अवलंबून तो अर्जुन सोडून सावत्र भाऊ? पुढे युद्ध आहे, राज्य परत घ्यायचंय, हिशोबाने नकुलचं नाव कुठेच बसत नाही. युधिष्ठिर सांगतो की मला कुंती आणि माद्री सारख्याच, कुंतीचा मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा. माद्री तर कधीच सती गेलेली, तिला हे कळणारही नाही. तरी.

खरी परीक्षा इथे झाली, आधीचे सगळे प्रश्न म्हणजे तोंडी. जे उत्तर त्याने तोंडाने दिलं होतं तेच त्याच्याकडून करून घेतलं गेलं, आणि यक्ष स्पष्ट सांगतो की अर्थ आणि काम यांच्यापेक्षा तू आनृशंस्य मोठं मानलंस म्हणून तुझे सगळे भाऊ जगोत. वडाखाली तिघं म्हणत होते की मारलं नाही म्हणून संकट आलं, आणि संकट टळलं ते न मारणाऱ्याच्या न्यायबुद्धीने. व्यासांनी हे दोन्ही प्रसंग जवळजवळ का ठेवले असतील ते सांगायची गरज पडू नये.

यक्ष म्हणजे खरं तर धर्मदेव, युधिष्ठिराचा बाप, आणि हरीणही तोच होता. तो वर मागायला सांगतो तेव्हा युधिष्ठिर पहिल्यांदा ब्राह्मणाची अरणी मागतो, ज्या कामाला निघाले होते ते विसरलेला नाही. दुसरा वर, तेराव्या वर्षी आम्हाला कुणी ओळखू नये. तिसरा, लोभ मोह क्रोध जिंकता यावेत आणि मन दान, तप, सत्यात राहावं. यावर धर्म म्हणतो हे तर तुझ्यात आधीच आहे. पुढे महाप्रस्थानिक पर्वात स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून आत यायला युधिष्ठिर नकार देतो, ते कुत्रं पण धर्मच असतो, आणि तिथे धर्म स्वतः या तळ्याची आठवण काढतो, द्वैतवनात भीम अर्जुनाला सोडून तू नकुल मागितला होतास.

पाठभेद

इथे एक गोष्ट अनेकांना धक्का देते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात हस्तलिखितं ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती केली, त्यात वनपर्वाचं (आरण्यकपर्व) संपादन वि. सी. सुकथनकरांनी केलं, ते १९४२ साली आलं, आणि त्यातल्या मुख्य पाठात ते चार प्रसिद्ध प्रश्न, आश्चर्य, वार्ता वगैरे, नाहीत. ब्राह्मण कुळाने होतो की वागण्याने, हा प्रश्नही नाही (उत्तर अर्थात वागण्याने). मात्र हाच विचार वनपर्वातच बरंच आधी अजगर झालेल्या नहुषाशी बोलताना युधिष्ठिराने मांडलाय, तो चिकित्सक आवृत्तीत शाबूत आहे, त्यामुळे विचारच नंतर घुसवला असं म्हणता येत नाही. नकुलाची निवड आणि आनृशंस्याचं उत्तर दोन्हीकडे आहे. आपल्याला परिचित असलेली मोठी प्रत ही मुख्यतः नीळकंठ चतुर्धर यांच्या टीकेबरोबर पसरलेली, हे १७व्या शतकातले, मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे आणि काशीत राहून लिहिणारे.

जागा

द्वैतवन नेमकं कुठलं यावर वाद आहेत. पाकिस्तानातल्या पंजाबात चकवाल जिल्ह्यात कटासराज म्हणून देवळांचा समूह आहे, तिथलं तळं तेच यक्षाचं असं स्थानिक परंपरा सांगते, शिवाय सतीच्या विरहात शंकराच्या अश्रूंनी ते झालं अशीही कथा आहे. आसपासच्या सिमेंट कारखान्यांनी जमिनीतलं पाणी उपसल्यामुळे हे तळं आटायला लागलं आणि २०१७ साली पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. पाणी कुणाचं, हा प्रश्न तिथे परत एकदा विचारला गेला, या वेळी वकिलांकडून.

ज्यांना मूळ वाचायचंय त्यांच्यासाठी, चालू प्रतींत हा भाग वनपर्वाच्या ३११ ते ३१५ अध्यायांत मिळतो, प्रश्न मुख्यतः ३१३ मध्ये, आणि भांडारकर आवृत्तीत २९५ ते २९९ मध्ये, तिथे प्रश्न २९७ व्या अध्यायात. वडाखालचं बोलणं गाळायचं नसेल तर निदान २९६ पासून सुरुवात करावी.