पार्श्वभूमी : हॅरी रॉय, मे फेअर आणि सारावाकची राजकन्या

1930 च्या दशकात लंडनच्या बड्या हॉटेलांत जेवणाच्या टेबलांमध्ये नाचायला जागा मोकळी सोडलेली असे आणि एका कडेला बँड. रात्री उशिरा बीबीसी तिथूनच थेट प्रक्षेपण करी. त्यामुळे मे फेअर हॉटेलची पायरी जन्मात न चढलेल्यांनाही तिथल्या बँडचा म्होरक्या नावानिशी ठाऊक असे. 1934 पासून हा मान हॅरी रॉयकडे होता.

1900 साली लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हॅरीचं खरं आडनाव लिपमन. क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोन ही त्याची वाद्यं. भाऊ सिडबरोबर ‘लिरिकल्स’ या बँडमधून तो दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनी फिरून आला आणि 1931 च्या सुमारास स्वतःचा बँड उभा केला.

जॅझचे सोवळे रसिक त्याच्याकडे नाक मुरडत, आणि ते अगदीच चूक नव्हतं. हॅरी वाजवता वाजवता गाई, मध्येच आरोळ्या ठोकी, चावट गाणीही बिनदिक्कत रेकॉर्ड करी. पण ‘टायगर रॅगामफिन्स’ या त्याच्या छोट्या चमूच्या रेकॉर्ड ऐका. आयव्होर मोर्टन आणि डेव्ह के दोन पियानोंवर नुसती धावाधाव करताहेत आणि वरून क्लॅरिनेटची तार सप्तकातली किंकाळी. त्या काळच्या इतर हॉटेल-बँडांची गुळगुळीत चाल यापुढे पेंगुळलेली वाटते.

1935 मध्ये त्याने एलिझाबेथ ब्रुकशी लग्न केलं. ती बोर्निओतल्या सारावाकच्या राजाची मुलगी. हा ‘राजा’ मात्र गोरा इंग्रज. ब्रुक घराणं तिथे 1841 पासून गादीवर होतं. वर्तमानपत्रांनी तिला ‘प्रिन्सेस पर्ल’ करून टाकलं आणि पुढच्याच वर्षी नवरा-बायको एका सिनेमातही झळकले.

महायुद्धात तो मध्यपूर्वेत सैनिकांपुढे वाजवून आला. मग घडी विस्कटत गेली. 1946 मध्ये सारावाक ब्रिटिश सरकारकडे गेलं, 1947 मध्ये घटस्फोट, आणि 1948 मध्ये अमेरिकेने कामाचा परवानाच दिला नाही. परत येऊन बँड पुन्हा जमवला, 1949 मध्ये ‘लीस्टर स्क्वेअर रॅग’ हे त्याचं रेकॉर्डिंग चाललंही. पण हॉटेलांतला तो जमाना ओसरला होता. पुढे त्याने रेस्टॉरंट काढलं, ते आगीत गेलं. 1969 च्या उन्हाळ्यात तो ब्रायटनमध्ये पुन्हा छोटा बँड घेऊन वाजवत होता; तब्येत तेव्हाच ढासळलेली होती. फेब्रुवारी 1971 मध्ये लंडनमध्ये तो वारला.